सांध्याशेजारची चीर

३ फेब्रुवारी, सोमवार

"रफू दिसला की रफूवालीचं नाक कापलं." मावशी असं म्हणाली होती. मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. तिच्या खिडकीत बसून एका कोटाच्या कोपराच्या रफूत जीव ओतत होते. तिनं माझ्या डोक्यावरून वाकून बघितलं, एवढं एकच वाक्य बोलली आणि माझे सगळे टाके उसवून टाकले. पुढे तीस वर्षं त्या वाक्यावर माझं पोट भरलं.

आज लाँड्रीवाल्यानं त्याच्या दुकानातली माझी रफूची खिडकी रिकामी करायला सांगितली. वाईट माणूस नाही. मला खुर्ची दिली, चहा दिला, मग म्हणाला, "ताई, लोक आता मुद्दाम फाटक्या पँटी विकत घेतात. तुमच्याकडे कोण कशाला येईल?" मला हसू आलं. खरं म्हणजे रडू यायला हवं होतं.

काही न सुचून दादाच्या गॅरेजात जाऊन बसले. गॅरेज खाली, घर वर. दादा गाड्या उघडतो, वहिनी काउंटर सांभाळते, आणि दोघांच्या वादात साक्षीदार व्हायला नको म्हणून मी एरवी खाली जात नाही. आमच्याकडे जास्त करून क्वाड येतात. चार जाड चाकांच्या, मोटारसायकलसारखं बसायच्या गाड्या. डोंगरात, वाळूत, चिखलात कुठेही घालाव्यात. त्यांचं इंजिन दणकट असतं आणि अंगावरचं सगळं प्लास्टिक. त्यामुळे तडे जातात ते मडगार्डांना.

एक गृहस्थ आले होते. जमिनीची मोजणी करतात. त्यांच्या क्वाडचं पुढचं मडगार्ड बोल्टापासून कडेपर्यंत फाटलं होतं, मध्ये दोन फाटे फुटलेले. गाडीवरून सोडवून ते त्यांनी दोन्ही हातांवर आडवं धरून आणलं होतं, दुखावलेलं मांजर आणावं तसं.

दादा म्हणाला, "साहेब, हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय. आणि प्लास्टिकला टाका घालता येत नाही."

"चिखल मोजणीच्या यंत्राच्या पेटीवर उडतो," ते म्हणाले आणि तसेच उभे राहिले.

मी म्हटलं, "मी बघू का?"

दादा हसला. "सुई, ही पाटलोण नाही." लहानपणापासून तो मला सुई म्हणतो.

वहिनी म्हणाली, "बघू द्या हो. आज त्यांची खिडकी गेलीय. हातात काहीतरी द्या, नाहीतर माझ्या पडद्यांना भोकं पाडून शिवत बसतील."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मडगार्ड माझ्या मांडीवर ठेवलं आणि गेले.


६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीनदा चहा थंड झाला. मला असं कधी होत नाही.

जमतं. प्लास्टिकला टाका घालता येतो. फोनवर बघून बघून शिकले, मग दादाची गरम हवेची गन घेतली, रंग सोडवायला तो वापरतो ती. मागच्या अंगणात भंगार मडगार्डांचा ढीग आहे, त्यातले तुकडे पुढ्यात घेऊन बसले. पहिला तुकडा जाळला. दुसरा वितळून माझ्या चपलेवर पडला. तिसरा चिकटला, पण नखानं ओढला तर पापुद्र्यासारखा निघाला. चौथा निघाला नाही. मी लाथ मारली, पक्कडीनं पिळला, दादाच्या शिकंज्यात धरून वाकवला. वाकला, तुटला नाही.

लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. चीर जिथे संपते तिथे आधी ड्रिलनं बारीक भोक पाडायचं. नाहीतर ती पुढे धावते, मोज्यातलं घर सुटावं तशी. मग चिरेच्या दोन्ही कडा तासून नाली करायची. नालीत प्लास्टिकची काडी धरायची, आणि काडी व कडा दोन्ही एकाच वेळी घामेजल्या की दाबत पुढे सरकायचं. वितळू द्यायचं नाही. नुसतं घामेजू द्यायचं.

काडी कुठली घ्यायची यावर अडले होते. बाजारच्या काड्या नीट धरेनात. मग एकदम लक्षात आलं आणि मी अंगणात एकटीच हसले. कोटाच्या रफूला धागा बाजारातून आणतं का कुणी? त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढायचा. मी ढिगातून त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं एक मोडकं मडगार्ड शोधलं आणि त्याच्या लांब पट्ट्या कापल्या. एकजीव झालं. विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास सगळ्या घरात भरलाय.

वहिनी वरून ओरडली, "वन्सं, घर पेटवताय की काय?" एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजावं, आज तिला मजा येतेय.


१० फेब्रुवारी, सोमवार

दिलं. आणि काय दिलं. सांधा तासला, बारीक पॉलिश पेपरनं घासला, मग त्याहून बारीक, मग कापडानं. हात फिरवला तरी कळू नये.

मोजणीवाल्यांनी उजेडात धरलं, तिरकं करून पाहिलं, डोळा बारीक केला. म्हणाले, "चीर कुठे होती?"

मला आयुष्यात याहून चांगलं कुणी काही म्हटलेलं नाही.

माणूस थोडा शिष्ट वाटतो. इथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला ताई म्हणतं, दादाचे मित्रसुद्धा. हे म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत, सरळ बोलायला सुरुवात करतात. असतो एकेकाचा स्वभाव.


१५ फेब्रुवारी, शनिवार

तुटलं.

सांध्यावरच, सरळ सांध्यावरून. जणू मी मध्ये काही केलंच नव्हतं. मोजणीवाले दारात उभे राहून म्हणाले, "खड्डा होता. चूक माझी आहे." ते माझी समजूत घालत होते आणि त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादानं ते हातात घेतलं, कडेवर अंगठा दाबला. मला वाटलं आता टोमणा येणार. तो म्हणाला, "सुई, तू सांधा चांगलाच केला होतास. मग घासून घासून त्याचं मांस काढून टाकलंस. ही बघ जाडी. कागद राहिलाय."

खरंच. दिसू नये म्हणून मी तो पातळ केला होता. कापडात रफूला ओझं पेलावं लागत नाही, नुसतं नजरेला फसवायचं असतं. इथे वर गाडी उडते, खाली दगड लागतात. इथे सांधा जाड हवा, कडेच्या वर उचललेला हवा. दिसायलाच हवा.

दुपारभर तो तुकडा मांडीवर घेऊन बसले. प्लास्टिक तासायचं थांबवणं ही साधी गोष्ट आहे, पण माझ्या हाताला ती साधी नव्हती. सासरहून मी इथे कायमची परत आले तेव्हाही असंच केलं होतं. लोकांना दिसू नये म्हणून इतकं घासलं, इतकं गुळगुळीत केलं, की कुणी 'कशी आहेस' विचारलं तरी मी 'छान' म्हणायचे आणि विषय तिथेच संपायचा. कागद राहिला असेल तिथेही.

असो. उद्या परत करायचं. मागच्या बाजूनं बारीक तारेची जाळी गरम करून आत बसवायची, आणि पुढून जाड सांधा, न घासता.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. सांधा दिसतो. सुरवंट चढून बसल्यासारखा दिसतो. पॉलिश पेपर मी वहिनीकडे लपवायला दिला होता, हात शिवशिवत होते म्हणून.

मोजणीवाले आले तेव्हा मीच आधी म्हटलं, "या वेळी दिसणार हं."

त्यांनी सुरवंटावरून बोट फिरवलं. "बरं झालं," म्हणाले. "कुठे काम झालंय ते कळलं पाहिजे."

मग निघायच्या ऐवजी विचारायला लागले. जाळी कशाची, हवा किती गरम, भोक का पाडता. मी सांगत गेले. कितीतरी वेळ बोलत होते मी. काउंटरवरून वहिनी बघत होती, तिला गिऱ्हाईक अडकवून ठेवलेलं आवडत नाही. पण आज तिनं उलट त्यांच्यासाठी चहा टाकला.


२२ फेब्रुवारी, शनिवार

ट्रॅकवाल्या बाई आल्या. गावाबाहेर त्यांचा मोठा माळ आहे, तिथे लोक क्वाड भाड्यानं घेऊन फिरवतात, शिकायला येतात, सुट्ट्यांत तर पोरासोरांची रांग लागते. बाईंचा आवाज इतका मोठा की दादानं इंजिन बंद केलं तरी काही फरक पडला नाही.

"तो मोजणीवाला सगळीकडे सांगत फिरतोय, इथे कुणीतरी मडगार्ड शिवतं म्हणून. कोण ते?"

मी हात वर केला. शाळेत करावा तसा.

त्यांनी माझ्या फोनवर मोजणीवाल्यांच्या मडगार्डाचे फोटो पाहिले, मग अंगणातला माझा एक सरावाचा तुकडा जमिनीवर टाकला आणि त्यावर उभ्या राहिल्या. बाई चांगल्या वजनदार आहेत. नाचल्या थोड्या. तुकडा वाकला, सरळ झाला.

"माझ्या शेडमागे यांचा डोंगर झालाय," म्हणाल्या. "दोन पाठवते. टिकली तर सगळी तुझी. सुट्ट्यांच्या आत."

सगळी माझी. बाई गेल्यावर मी अंगणात फेऱ्या मारल्या. गन कुठे टांगायची, पट्ट्या रंगाप्रमाणे कुठे लावायच्या, पाण्याचा नळ जवळ हवा कारण आधी चिखल धुवावा लागतो. भिंतीकडेच्या जागेवर एक लांब टेबल. माझं टेबल. आजवर मी नेहमी कुणाच्या तरी खिडकीत बसले.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

ट्रॅकची दोन्ही झाली, पाठवली. हात बसत चाललाय.

पण मोजणीवाले परत आलेत. सुरवंट शाबूत आहे. त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, नवी चीर.

याचं कारण मला माहीत आहे, परवाच वाचलंय. हवा फार गरम झाली तर सांधा टिकतो, पण शेजारचं अंग आतून भाजून ठिसूळ होतं. वरून कळत नाही. म्हणजे एक जोडताना मी दुसरं मोडत असेन. ट्रॅकच्या दोन मडगार्डांतही हेच केलं असेल.

दादानं मडगार्ड घेतलं, चीर पाहिली, मग मोजणीवाल्यांकडे पाहिलं. "हं," म्हणाला आणि हात धुवायला गेला. वहिनीला काउंटरमागे खोकल्याची उबळ आली. धूर बाधतोय तिला. पंखा लावायला हवा.

मोजणीवाले थांबले. बाकीचे लोक गाडी टाकून जातात, हे थांबतात. मडगार्डाचं दुसरं टोक धरून ठेवतात. खरं सांगायचं तर बरं पडतं. वाकडं प्लास्टिक एका हातानं स्थिर राहत नाही, आणि त्यांचा हात दगडासारखा स्थिर आहे. यंत्रातून बघायची सवय.


४ मार्च, मंगळवार

गनची हवा कमी केली. काम दुप्पट हळू चालतं, पण कडा पिवळ्या पडत नाहीत.

ट्रॅकवरून निरोप: दोन्ही मडगार्डं ठणठणीत. एक गाडी तर उलटली, तरी.

आनंदानं जिना दोन-दोन पायऱ्या चढले. या वयात.


७ मार्च, शुक्रवार

मोजणीवाले. दुसऱ्या बाजूचं मडगार्ड. ज्याला मी हातच लावलेला नव्हता.

आधी जीव भांड्यात पडला, की निदान हे माझं पाप नाही. मग नीट पाहिलं आणि कोडं वाढलं. मडगार्ड फाटतं ते बोल्टापासून, कारण ताण तिथे येतो, आणि चीर नेहमी वाकडी जाते. ही बाहेरच्या कडेपासून सुरू झालेली, जिथे ताणच नाही. आणि सरळ. पट्टी ठेवून आखावी इतकी सरळ. मग मागच्या वेळची आठवली. तीही सरळच होती.

मी विचारलं, "कुठल्या वाटेनं जाता?"

"नेहमीच्याच. डोंगराच्या."

"वेगानं?"

"छे. पेटीत यंत्र असतं. धक्का चालत नाही. चालणारा माणूस मला मागे टाकतो."

"मग फाटतं कसं?"

ते चहाच्या किटलीकडे बघायला लागले. "मलाही कळत नाही," म्हणाले. कान लाल झाले होते. माणूस मोजमाप करणारा, कारण सांगता येत नाही याची त्यांना लाज वाटत असणार. मी जास्त विचारलं नाही.

ते ज्या उलट्या खोक्यावर बसतात त्यावर वहिनीनं गादी आणून ठेवलीय. गिऱ्हाइकांची सोय बघायला लागली आहे ती, चांगलं आहे. दुसऱ्या खोक्यावर मात्र ठेवलेली नाही.


१० मार्च, सोमवार

ट्रॅकवाल्या बाईंचा फोन. "टेंपो भरून पाठवू का? हो म्हण."

मी म्हटलं, "तीन दिवस द्या."

"कशाला? लग्न ठरवतेयस का?"

दादानं ऐकलं. फोन ठेवल्या ठेवल्या सुरू झाला. "डोकं फिरलंय का? लोक असं काम मागत दारोदार फिरतात."

"मोजणीवाल्यांचं मडगार्ड परत परत फाटतंय. का ते कळल्याशिवाय मी कसं हो म्हणू? तिथे लहान मुलं बसतात, दादा. पाय घसरला तर चाकाच्या आधी मडगार्ड आडवं येतं. नेमकं तेव्हा ते फाटलं तर?"

हे त्याला पटलं, मला दिसलं. मग मान खाजवत म्हणाला, "त्याची गाडी धरू नकोस यात. त्याच्या मडगार्डाचा रोग वेगळा आहे."

"कुठला?"

"मला काय विचारतेस? मी इंजिनवाला."

"तू पाहिलंस ना ते? काहीतरी कळलंय तुला."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला, एवढंच कळलंय," म्हणाला आणि गाडीखाली शिरला. गाडीखाली शिरलेल्या दादाशी बोलता येत नाही. आम्ही लहान असतानाही तो असाच पलंगाखाली शिरायचा.

मी वहिनीकडे गेले. ती म्हणाली, "वन्सं, काळ्या कापडात एक काळा धागा तुटला तरी तुम्हाला लांबून दिसतो."

"मग?"

"मग काही नाही. नवल करत होते."

मला राग आला. माझं सगळं पणाला लागलंय आणि हे दोघं कोडी घालतायत.

आणि हो, दादा गाडीखालून ओरडला ते लिहायचं राहिलं: डोंगराची मोजणी तर गेल्या महिन्यातच संपली. तर मग हे तिथे कशाला जातात? दुसरं काम मिळालं असेल. विचारायला हवं. कदाचित तिथली वाट जास्त खराब असेल, आणि तेच कारण असेल.


११ मार्च, मंगळवार

काल राग आला होता, आज मजा आली. सगळा दिवस मोडण्यात घालवला.

भंगारातून पट्ट्या कापल्या, मध्ये कापून परत जोडल्या. काही कमी आचेवर, काही जास्त, काही मुद्दाम भाजून. थोड्या पत्र्यावर उन्हात तापवल्या, थोड्या वहिनीच्या फ्रिजमध्ये बर्फाजवळ ठेवल्या (भाजीवर काळे डाग पडले, त्यावरून ऐकून घेतलं). मग शिकंज्यात धरून एकेक वाकवली, हातोड्यानं मारली. दादा येऊन उभा राहिला, मग त्यानं माझ्या हातून हातोडा घेतला आणि स्वतः मारायला लागला. लहान मुलासारखा. दोघं घामाघूम झालो.

भाजलेल्या तुटल्या. त्या तुटायलाच हव्या होत्या. पण तडा कसा गेला: नागमोडी, बारीक फाटे फुटत, कडा पांढऱ्या पडलेल्या. बाकीच्या एकही सांध्याशेजारी तुटली नाही.

म्हणजे माझा सांधा बरोबर आहे. दादा म्हणाला, "झालं समाधान? आता कर त्या बाईंना फोन."

नाही झालं. भाजलेलं प्लास्टिक सरळ फाटत नाही हे आज सिद्ध झालं. मग सरळ चीर आली कुठून? कडा पांढऱ्याही नाहीत. स्वच्छ आहेत, चाकूनं कापल्यासारख्या. मी दादाला तसं म्हटलंही.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं तो आता काहीतरी सांगणार. मग म्हणाला, "तूच विचार त्यांना." इतक्या हळू आवाजात तो फक्त आजाऱ्यांशी बोलतो.


१२ मार्च, बुधवार, सकाळ

बाईंना उद्या उत्तर द्यायचंय. टेंपो भरून ठेवलाय म्हणाल्या. दादानं न सांगता अंगणात टेबल लावून दिलंय, जुन्या दाराची फळी आणि तिच्याखाली दोन लोखंडी घोडे. सकाळी उठून खाली आले तर तो टेबलाच्या पायाखाली पाचर ठोकत होता. "डुगडुगत होतं," एवढंच म्हणाला. मी टेबलावर गन ठेवली. पट्ट्या रंगाप्रमाणे लावल्या. मग काही न करता टेबलाच्या कडेवर नुसते तळहात ठेवून उभी राहिले.

मला हे काम हवंय. इतकं हवंय की भीती वाटते. गेल्या कित्येक वर्षांत मला काही हवंय असं मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या आधी आठवण येते ती आज काय जोडायचंय याची. आणि आज मोजणीवाल्यांचा दिवस आहे का, याचीही. साहजिक आहे. कोडं त्यांच्याच गाडीचं आहे.

पण न कळलेली चीर मागे ठेवून मी हो म्हणणार नाही. टेबल लागलं तरी नाही.

तर मी ठरवलंय. कारण माझ्या हातात नाही, पट्ट्यांत नाही, गनमध्ये नाही. ते वाटेवर आहे. तिथे काहीतरी असणार, एखादा सरळ धारेचा दगड, तारेचं कुंपण, काहीतरी, जे त्यांच्या लक्षात येत नाही कारण त्यांची नजर सगळी पेटीकडे. ते मला दिसेल. मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "जा की. शहाण्या आहात." आणि जिन्यात बसून इतकी हसली की दादा बघायला आला.

हसण्यासारखंच आहे. ते नाहीच म्हणणार. मागच्या बसायच्या जागेवर यंत्राची पेटी असते, आणि ती पेटी त्यांना जिवापेक्षा प्यारी. माणूस शिस्तीचा. मला नावानं हाक मारत नाही, ताई म्हणत नाही, तो मला गाडीवर मागे बसवून डोंगरात कशाला नेईल? लोक काय म्हणतील, हेही त्यांच्या मनात येईल. माझ्याही येतंय, पण मी ते टेबलाखाली ढकललंय.

पेटी मी मांडीवर धरेन. तेही सांगायला हवं.

फाटकाशी क्वाडचा आवाज येतोय. हळू, नेहमीसारखा. खिडकीतून दिसतंय. दोन्ही मडगार्डं जागेवर आहेत, धड आहेत. मग आज कशाला आले? बरं झालं, विचारता येईल. उतरून खोक्याकडे निघालेत. वहिनीनं गादी आधीच झटकून ठेवलीय.

जिना उतरायच्या आत वाक्य एकदा लिहून बघते, म्हणजे तोंडात अडखळणार नाही.

'तुम्ही नाही म्हणाल हे मला माहीत आहे. पण त्या वाटेनं एकदा मला मागे बसवून घेऊन जाल का? मी काही बोलणार नाही. फक्त मडगार्डाकडे बघत बसेन.'